कॅन्सर पसरल्यावर बाहेरची औषधे : घ्यावी की नको?

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. हातात बाजाराची कापडी पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर रिकामी केली. गुळवेल सत्त्वाची बाटली, हळदीच्या कॅप्सूल, गव्हांकुराची पावडर, लक्ष्मणफळाची वाळलेली पाने, गोमूत्र अर्क आणि कागदात बांधलेल्या करड्या रंगाच्या २१ पुड्या. "डॉक्टरसाहेब, यातले अण्णांना काय देऊ आणि काय नको, तेवढे सांगा," ते म्हणाले.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. एसटीतून निवृत्त झालेले चालक, वय ६८. फुफ्फुसाचा कॅन्सर होऊन तो पाठीच्या मणक्यात पसरला होता. केमोच्या ४ फेऱ्या झाल्या होत्या. त्यानंतर 'आता घरीच ठेवा' असे कोणीतरी सांगितले आणि घरच्यांनी बाहेरची औषधे शोधायला सुरुवात केली. या पिशवीवर ११ हजार रुपये खर्च झाले होते.

मी विचारले, "अण्णांना रात्री झोप लागते का?" सर गप्प राहिले. मग म्हणाले, "भिंतीला टेकून बसून असतात. पाठ टेकवता येत नाही." दुखण्यावर काय देता, असे विचारले तर म्हणाले, "फारच दुखले की तापावरची गोळी देतो."

त्या पिशवीत दुखणे थांबवणारी एकही वस्तू नव्हती. ही गोष्ट सरांच्या परवानगीने, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे, कारण अशी पिशवी घेऊन येणारे ते एकटे नाहीत. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतही हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत असतो. आईला चौथ्या पायरीचा कॅन्सर आहे, अमुक गावचे औषध द्यावे का? वडिलांना केमो सोसत नाही, झाडपाल्याचे काही आहे का?

असे विचारणाऱ्याला अडाणी म्हणून झिडकारणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. मला तसे म्हणण्याचा अधिकारही नाही. माझ्या आईला २००६ साली पोटाचा कॅन्सर झाला, तेव्हा तो यकृतापर्यंत गेला होता. मी एमबीबीएस झालेला मुलगा. तरीही तीन एसट्या बदलून शेजारच्या जिल्ह्यातील एका वैद्याकडे गेलो, रांगेत उभा राहिलो आणि पुड्या घेऊन आलो. रोज सकाळी मधातून चाटण देत होतो. त्या दोन महिन्यांत तिच्या पोटदुखीसाठी मॉर्फिन सुरू करावे हे मला सुचले नाही असे नाही. मॉर्फिन म्हणजे शेवट, असे डॉक्टर असूनही मनात बसलेले होते. शेवटी ते सुरू केले तेव्हा ती पहिल्या रात्री सहा तास झोपली. सकाळी म्हणाली, "ते चाटण आता बंद कर. तुला बरे वाटावे म्हणून घेत होते." पुष्कळ आजारी माणसे मुलांसाठी औषध घेत असतात. माझ्या हिशेबात ते दोन महिने अजून खर्चाच्या बाजूलाच आहेत.

आता पिशवीकडे वळू.

झाडपाल्यात औषध नसते, असे कोणी म्हणू नये. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कॅन्सरची दोन औषधे निघाली. कॅनडात १९५० च्या दशकात त्यांवर काम झाले आणि रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना आजही व्हिन्क्रिस्टीन दिले जाते. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे झाड असते. त्यातील कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून पुढे टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे बनवली गेली. त्यापायी या झाडाची चोरटी तोडही झाली. पण त्या पानांच्या ढिगातून चिमूटभर द्रव्य वेगळे काढावे लागते, ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून द्यावे लागते आणि रक्त तपासत राहावे लागते. सदाफुलीची पाने वाटून पोटात घेतली तर औषध किती गेले हे कोणालाच कळत नाही. विषबाधा मात्र होऊ शकते.

हळद भाजीत, दुधात खुशाल असू द्या. हळदीतील कुरकुमिन प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारते हे खरे, पण पोटातून ते रक्तात फार थोडे जाते. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालून ते जास्त शोषले जाईल असे करतात. अशा तीव्र कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबद्दलही तेच. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद येथे नको. पण केमोची बहुतेक औषधे आणि कॅन्सरच्या गोळ्या यकृतातूनच जातात. त्या यकृतावर आणखी बोजा टाकायचा तर आपल्या कॅन्सर डॉक्टरांना सांगून तरी टाकावा.

लक्ष्मणफळाचे संदेश मोबाईलवर फिरत असतात. केमोच्या हजारो पट गुणकारी असे त्यात लिहिलेले असते. माणसांवर तपासून सिद्ध झालेला असा कोणताही गुण नाही. उलट कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर १९९९ साली डॉक्टरांना आढळले की ही फळे आणि त्यांच्या पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांत कंपवातासारखा एक आजार जास्त दिसतो. एखादे फळ खाल्ले म्हणून घाबरू नका. रोजचा काढा मात्र नको. गव्हांकुराचा ताजा रस अंगणात पिकवून कच्चाच घेतात. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाला कच्च्या रसातून जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. गोमूत्राने कॅन्सर बरा होतो याला आधार नाही.

राहिल्या करड्या पुड्या. वैद्याचे नाव, घटकद्रव्ये, तारीख, यांतले काहीच त्यांवर नव्हते. अमेरिकेत बोस्टन शहराच्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने २००४ साली तपासली गेली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ती तरी छापील वेष्टनातली होती. बिननावाच्या पुडीत काय असेल कोण सांगणार? मी पदवीधर वैद्यांबद्दल बोलत नाही. आमच्या गावातील चांगले वैद्य कॅन्सरचा रुग्ण आला की आधी फाईल मागतात आणि आपले औषध पचनासाठी, झोपेसाठी आहे असे स्पष्ट सांगतात.

सर म्हणाले, "पण पुड्या सुरू केल्यावर पहिले दहा दिवस अण्णा चांगले जेवले हो!" हे मी पुष्कळांकडून ऐकतो आणि ते खोटे नसते. अशा पुड्यांमध्ये कित्येकदा स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. स्टेरॉइडने भूक लागते, सूज उतरते, दुखणे कमी होते, माणूस उठून बसतो. घरात आनंद होतो, औषध लागू पडले असे वाटते. पुढे तोंड सुजते, साखर वाढते, जखमा भरत नाहीत आणि पुड्या एकदम बंद केल्या तर माणूस गळून जातो. गंमत अशी, की याच स्टेरॉइडचा योग्य मात्रेत, थोड्या दिवसांसाठी कॅन्सरचे डॉक्टरही उपयोग करतात. ते नाव सांगून देतात, एवढाच फरक आहे. दुसरे कारण असे की किरणोपचाराचा किंवा केमोचा गुण कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतो आणि श्रेय मधल्या काळात आलेल्या पुडीला जाते. शिवाय ज्याला बरे वाटले तो चार गावांत सांगत फिरतो. ज्याला गुण आला नाही त्याचे घरचे तेराव्यानंतर कोणाला काही सांगायला जात नाहीत.

कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. त्यासाठीचा औषधे व जादुई उपाय कायदा १९५४ सालचा आहे. तरी असल्या चौकटी अजून छापून येतात, हे मी वर्तमानपत्रातच लिहितो आहे. असो.

सगळ्यात मोठे नुकसान पुडीतल्या द्रव्याने होत नाही, चालू उपचार सोडल्याने होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली २८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांचा कॅन्सर दूरवर पसरलेला नव्हता, तरी त्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. पसरलेल्या कॅन्सरचे गणित वेगळे असते हे मान्य. पण तेथेही 'चौथी पायरी' म्हणजे सर्व संपले असे नेहमीच नसते. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी करून रोज एक गोळी देता येते आणि काही रुग्णांचे त्यावर चांगले दिवस जातात. ही तपासणी झाली आहे का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारा. अण्णांची झाली होती. दुर्दैवाने त्यांना ती गोळी लागू पडणार नव्हती.

मग करायचे काय? सरांच्या पत्नीने हाच प्रश्न विचारला होता. "मामंजींना असेच बघत बसायचे का?" प्रश्न रास्त होता. आपण काहीतरी करतो आहोत, एवढ्यासाठीच माणसे पिशव्या भरतात. तेव्हा करण्यासारखे जे आहे ते सविस्तर सांगतो.

पहिले काम दुखणे थांबवणे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनांसाठी एक शिडी सांगितली. साध्या गोळीपासून सुरुवात, मग मधले औषध, मग मॉर्फिन. मुख्य सूत्र असे की गोळी घड्याळाच्या काट्यावर द्यायची, दुखायला लागल्यावर नाही. मॉर्फिनची साधी गोळी चार तास पुरते, म्हणून ती दर चार तासांनी देतात. इंजेक्शन लागत नाही, तोंडाने घेता येते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, थोडी मळमळ होते, मग ती जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध बरोबर द्यावेच लागते. हे न दिल्यामुळे कित्येक घरांत मॉर्फिन बंद पडते आणि दोष त्या औषधाला लागतो. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते. लवकर सुरू केले म्हणून पुढे ते लागू पडत नाही, असेही नाही. गरजेप्रमाणे मात्रा वाढवता येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. गोळ्या मुलांपासून दूर ठेवाव्यात आणि मनाने एकदम बंद करू नयेत.

आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन बनते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते ठेवायला इतके परवाने लागत, की औषधाच्या दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी नादच सोडला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट सोपी झाली. तरीही ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. कॅन्सर रुग्णालयात किंवा मान्यता असलेल्या ठिकाणी मिळते. जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेचा कक्ष आहे का, याची चौकशी आधी करावी.

दुसरे, मणक्यातील किंवा हाडातील दुखण्यावर किरणे. लोक याला 'लाईट देणे' म्हणतात आणि म्हणतात की आता कशाला आणखी त्रास. कॅन्सर बरा करायला पाच-सहा आठवडे किरणे लागतात. हाडाचे दुखणे कमी करायला पुष्कळदा एकाच दिवशी एकदाच दिलेली किरणे पुरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलपर्यंत जाणे झेपत नसेल तर बार्शी, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथेही ही सोय आहे. आणि एक लक्षात ठेवा : मणक्यात कॅन्सर असलेल्या माणसाचे पाय अचानक लुळे वाटू लागले, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी कॅन्सर रुग्णालय गाठावे. मज्जारज्जू दाबला जातो आहे असा त्याचा अर्थ असतो आणि एक-दोन दिवसांच्या उशिराने माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.

तिसरे जेवण. यावरून घराघरांत भांडणे होतात. साखर बंद, दूध बंद, गहू बंद, कारण म्हणे कॅन्सर साखरेवर वाढतो. शरीर भातापासून, भाकरीपासून, वेळ पडली तर स्वतःच्या स्नायूंपासूनही साखर करते. गोड बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. दुसऱ्या टोकाला, "अण्णा, एवढी पोळी संपवा" म्हणून सगळे घर ताटाभोवती बसते. पसरलेल्या कॅन्सरमध्ये भूक मरणे हा आजाराचाच भाग असतो, जास्त कोंबल्याने वजन वाढत नाही, उलटी मात्र होते. मऊ खिचडी, पेज, ताक, खीर, आवडत असेल तर अंडे, लहान वाटीत, त्यांना वाटेल तेव्हा द्यावे. आल्याचा तुकडा किंवा आल्याचा चहा मळमळीला चांगला आणि हा घरगुती उपाय केमोच्या रुग्णांवर तपासलेलाही आहे. तोंड आले असेल तर कोमट मीठपाण्याच्या गुळण्या कराव्यात.

धाप लागत असेल तर पाठीशी उशा देऊन बसवावे, खिडकी उघडावी आणि लहान पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर येऊ द्यावा. साधी गोष्ट, पण उपयोग होतो. मॉर्फिनची लहान मात्राही धापेला आराम देते.

योगासने, प्राणायाम, भजन, तेलाची मालीश यांना मी नाही म्हणत नाही. यांनी गाठ लहान होत नाही. झोप, थकवा आणि मनाची तगमग मात्र पुष्कळांची कमी होते आणि शेवटच्या काळात ते काही थोडेथोडके नव्हे. हाडात पसरला असेल तर पाठीवर जोराची मालीश आणि वाकायची आसने टाळावीत. ठिसूळ झालेले हाड मोडते. सरांना मी सांगितले, पाठीला हात लावू नका, पाय चोळा.

या सर्व काळजीला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक सेवा. उपचार थकले की मग ती सुरू करायची, असा समज आहे. बोस्टनमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवर २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यासोबत पहिल्यापासून उपशामक सेवा. दुसऱ्या गटाला उदासी कमी आली, शेवटी सलाईन-सुयांचा मारा कमी झाला आणि तरीही ते जास्त जगले. साधारण ११.६ महिने, पहिला गट ८.९ महिने. कोणत्याही करड्या पुडीने असे करून दाखवलेले नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचे केंद्र आहे. तेथे रुग्णाला आणि घरच्यालाही काळजी कशी घ्यायची ते शिकवतात आणि पैसे घेत नाहीत.

आणखी एक काम होते, ते सरांना सर्वांत अवघड गेले. अण्णांना आजाराचे नाव सांगितलेले नव्हते. 'फुफ्फुसात पाणी झाले आहे' एवढेच. मी घरी गेलो तेव्हा सर पाणी आणायला आत गेले आणि अण्णा हळूच म्हणाले, "डॉक्टर, मला कॅन्सर आहे ते या पोराला सांगू नका. घाबरेल." दोघे चार महिने एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते. त्या संध्याकाळी मी दोघांना एका खाटेवर बसवले. सुरुवातीला कोणी बोलेना. मग अण्णांनी शेताच्या वाटणीचा विषय काढला, बँकेच्या पासबुकात कोणाचे नाव आहे ते विचारले आणि म्हणाले, "एकदा डेपोत जाऊन यायचे आहे."

किरणे एका दिवसात झाली. मॉर्फिन तेथूनच मिळाले. तिसऱ्या रात्री अण्णा आडवे झोपले. पौष संपता संपता सरांनी त्यांना रिक्षाने डेपोत नेले. जुन्या वाहक-चालकांसोबत त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि नव्या गाड्यांच्या ब्रेकबद्दल तक्रार केली. रोज रात्री सर त्यांचे पाय खोबरेल तेलाने चोळत. हळदीच्या कॅप्सूल आणि पुड्या बंद केल्या होत्या, गुळवेलही. देवघरातला अंगारा मात्र मी लावू दिला.

चैत्रात, पाडव्यानंतरच्या आठवड्यात, अण्णा घरीच गेले. पंधरा दिवसांनी सर मॉर्फिनच्या उरलेल्या १४ गोळ्या घेऊन आले. अशा गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत, जेथून आणल्या तेथेच परत करायच्या असतात. तसे त्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने ते जाऊन त्या मोजून देऊन आले.